आमच्या डिपार्टमेंटचा समेट

काही ठिकाणी नोकरी केली की पगारापेक्षा किस्सेच जास्त जमतात. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या पोस्टडॉकमुळे आम्ही जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर होतो. मी पुण्याची डॉक्टर. तिथल्या एका मेडिकल कॉलेजात रिसर्च असिस्टंट झाले. अजूनही जपानातल्या मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "चल, तुझ्या प्रोफेसरचं सांग!" त्या हसतात. मला मात्र सांगताना अजून संताप येतो.

*

पहिल्याच आठवड्यात प्रोफेसर मोरिता मला चहा देत म्हणाले, "तुमच्या इंडियात किती जाती, किती भाषा! आमच्याकडे तसं नाही. आम्ही सगळे एकच."

शेजारी नर्स साकाई-सान गॉझच्या घड्या घालत होती. ते गेल्यावर म्हणाली, "मी आयनू आहे. जपानी यायच्या आधीपासून हे बेट आमचं."

"मग बोलली का नाहीस?"

"दर वर्षी नवा पाहुणा, दर वर्षी हेच वाक्य. किती वेळा बोलू?"

*

एकदा राऊंडवर मोरिता सेन्सेई, म्हणजे आमचे सर, विद्यार्थ्यांना सांगत होते, आयनूंच्या अंगावर केस जास्त, वगैरे. मध्येच वळून म्हणाले, "साकाई-सान, बाही जरा वर करा."

सगळ्या पेशंटसमोर!

साकाई-सान शांतपणे म्हणाली, "आधी तुमची करा, सेन्सेई. तुलना करायला बरं."

पोरं फिसकन हसली. पुढचा महिनाभर तिला नाईट ड्यूटी!

*

एक आयनू आजोबा शुगरच्या तपासणीला रक्त देईनात. ज्युनियर डॉक्टर वैतागला, "काय हा अडाणीपणा!"

आजोबा म्हणाले, "मी लहान असताना गावात डॉक्टर आले. रांगेत उभं करून आमचं रक्त घेतलं, डोक्यांची मापं घेतली. त्याचं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. आधी तो रिपोर्ट द्या!"

हे मी नागोयाच्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, जपानमध्ये कुठले आदिवासी? काहीतरीच!" मी फोन आपटला.

*

मग आयनूंच्या संस्कृतीसाठी कायदा झाला आणि वारं फिरलं. आमच्या डिपार्टमेंटनेही आयनूंशी समेट करायचं ठरवलं. कमिटी, पोस्टर, मीटिंगा!

मी विचारलं, "कमिटीत आयनू कोण आहे?"

मोरिता दचकले. "त्यांना कशाला त्रास?"

साकाई-सानला मीटिंगला बोलावलं होतं, नाही असं नाही. चहा द्यायला!

*

समेटाचा दिवस उजाडला. कॉलेजच्या मागच्या एका खोलीत आयनूंच्या अस्थी खोक्यांत रचून ठेवलेल्या होत्या. जुन्या डॉक्टरांनी 'अभ्यासासाठी' कबरी उकरून आणलेल्या. साकाई-सान आपल्या म्हाताऱ्या आजीला घेऊन आली होती. आजीच्या आईलाही असंच उकरून नेलं होतं.

मोरिता आणि अख्खी कमिटी कमरेत वाकली. फुलं वाहिली. मग मोरिता म्हणाले, "आजी, निश्चिंत राहा. इथे एसी आहे."

आजीने खोक्यांवरून नजर फिरवली. "यात माझी आई कुठली?"



"ते... आता सांगणं कठीण आहे," मोरिता म्हणाले आणि पुन्हा वाकले. मागोमाग कमिटी वाकली.

आजीने अंगातला कोट काढला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर मांडी घातली.

"वाकू नका," ती म्हणाली. "शोधा. मी बसलेय."