सातूचा बारावा दाणा

भुताचे किस्से ऐकायला लोक कुठे कुठे जातात. अरे, चार वर्षं बियांच्या लॅबमध्ये काढा ना! दिवसभर काळोख्या कपाटासमोर बसायचं, आणि आत काहीतरी उगवतंय एवढंच आपल्याला ठाऊक. किस्से आपोआप साचतात. एक सांगायला घेतला की दुसरा मागे येऊन उभा राहतो.

पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतल्या गोष्टी या. अंधेरीला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची लॅब होती. माणसं चारच. बर्वे सर आमचे गाईड. मी आणि कुसुम त्यांचे विद्यार्थी. आणि सखाराम, लॅबचा अटेंडंट. मूळचा मालवणकडचा, तिशी ओलांडलेला, घाटकोपरला चाळीत बायकोबरोबर राहायचा. त्याची दोन मुलं जन्मतःच गेली होती. तो त्याबद्दल बोलत नसे आणि आम्हीही विचारत नसू.

सातूचा दाणा म्हणजे एक कोठीघर आणि त्याच्या कोपऱ्यात झोपलेला अंकुर. कोठीत स्टार्च भरलेला, पण कुलूपबंद. पाणी मिळालं की अंकुर जागा होतो, कोठीला निरोप धाडतो, आणि मगच एन्झाइम सुटून स्टार्चची साखर करतं. ती साखर खाऊन अंकुर वाढतो. हा निरोप जातो कसा, एवढंच आम्ही शोधत होतो!

*

रोपांवर उजेड पडू नये म्हणून ती कपाटात वाढवायची. सखाराम कपाटाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचा. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालतात, तसंच हे, असं त्याचं म्हणणं. "रुजवणीकडे चपला घालून जाऊचा नसता," तो म्हणायचा.

सर हसायचे. "सखाराम, हे देवघर नाही, लॅब आहे!" आणि बूट वाजवत आत जायचे.

सर कपाट उघडत तेव्हा मात्र आमच्या अंगावर काटा यायचा. रंग नसलेली, बोटांसारखी लांब रोपं, सगळी दाराच्या फटीकडे वळलेली. आपण दार उघडायची ती वाटच बघत होती असं वाटायचं.

*

एका दुपारी वरच्या मालकीणबाई धापा टाकत खाली आल्या. "तुमच्या कपाटात कोणीतरी आहे! आतून टकटक करतंय!"

आम्ही कान लावला. टण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण. "वाट लागली रे," कुसुम पुटपुटली.

सरांनी दार उघडलं. कुसुमने सकाळी काचेचा पेला वाटाण्यांनी काठोकाठ भरून पाणी ओतलं होतं. वाटाणे फुगले, वर चढले, आणि एकेक करून खालच्या पत्र्याच्या झाकणावर उडी मारत होते! मालकीणबाईंनी तरीही दुसऱ्या दिवशी दाराला लिंबू-मिरची बांधली. सरांनी ती काढायला लावली नाही, कारण भाड्याचा करार संपत आला होता.

*

पण सगळ्यात गाजलं ते उकळलेलं भूत.

रोपं वाटून काढलेला रस स्टार्चच्या पाण्यात घालायचा आणि वर आयोडीनचा थेंब टाकायचा. स्टार्च असेल तर गडद निळा रंग येतो, एन्झाइमने तो खाल्ला असेल तर येत नाही. पडताळा म्हणून एका नळीत उकळलेला रस घालायचा. उकळलं की एन्झाइम मेलं, म्हणजे ती नळी निळीच राहायला हवी.

आणि माझी नळी निळी राहीना! एकदा नाही, तीनदा. मेलेलं एन्झाइम स्टार्च खात होतं. मी रस पाच मिनिटं उकळला, मग दहा, मग वीस. तरी निळा रंग डोळ्यांदेखत पुसला जायचा. त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नळीत रस कसा घेतोस, दाखव."

मी काचेची पिपेट तोंडात धरून रस ओढला, सगळे तसाच ओढायचे. सर ओरडले, "थुंकी! अरे गाढवा, थुंकीतही तेच एन्झाइम असतं! पिपेटीतून तुझीच लाळ नळीत उतरते आहे!"

तेव्हापासून लॅबमध्ये काहीही विचित्र घडलं, दिवा गेला, बाटली फुटली, की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाची थुंकी?"

*

मग मुख्य प्रयोग आला. दाण्याचा अंकुर कापून टाकायचा आणि उरलेला अर्धा दाणा स्टार्चच्या थरावर ठेवायचा. निरोप देणारा कोणी नाही, म्हणजे कोठी उघडणार नाही आणि स्टार्च जागच्या जागी राहणार. कापायचं काम सखारामचं, कारण इतका स्थिर हात आमच्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

तीन दिवसांनी तो ब्लेड घेऊन सरांसमोर उभा राहिला. "साहेबांनू, ह्या काम माका नको. बायल गरवार आसा."

"बायको गरोदर आहे? मग अभिनंदन!"

"गरवार बायलेच्या घोवान नारळसुद्धा फोडूचो नसता. आणि मी दिवसभर अंकुर कापतंय."

सर वाईट माणूस नव्हते. पण विज्ञानाच्या बाबतीत हट्टी. "सखाराम, हे सातू आहेत रे. सातूचा आणि तुझ्या बायकोचा काय संबंध?" त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि विषय संपवला. आम्ही दोघंही गप्प बसलो. आजही मला त्याची लाज वाटते.

सखाराम कापत राहिला. पंधरा दिवसांनी कुसुमने कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला आणि किंचाळली. ओल्या टिपकागदावर शेकडो अंकुर उभे होते. खाली दाणा नाही, कोठी नाही, काही नाही. नुसते अंकुर, पांढरे, आणि वाढत होते!

कापलेले अंकुर सखारामला केरात टाकवेनात. तो ते गोळा करून रोज गुळाचं पाणी शिंपडत होता. सरांनी पाहिलं आणि थक्क झाले. "साखर बाहेरून मिळाली म्हणून जगले! अरे, प्रयोगच केलास तू!"

"प्रयोग नाय साहेब," सखाराम म्हणाला. "उपाशी मरतले म्हणान."

*

आता शेवटचा.

सखारामच्या बायकोचे दिवस भरत आले होते. त्या दिवशी सकाळी सरांनी स्वतः स्टार्चच्या थरावर ठेवलेल्या बारा अर्ध्या दाण्यांच्या बशीवर आयोडीन ओतलं. बाराही सखारामने कापलेले. बशी काठापासून काठापर्यंत निळी. "बघा," सर म्हणाले, "अंकुर नाही, तर काही होत नाही." त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

इतक्यात घाटकोपरहून सखारामचा शेजारी धावत आला. बायकोला प्रसूतिगृहात नेलं होतं आणि ती अडली होती. सखाराम जागचा हलेना. आपल्या हातांकडे बघत राहिला. शेवटी सरांनीच त्याला धरून टॅक्सीत बसवलं. आम्हीही चढलो.

प्रसूतिगृहाच्या बाकावर आम्ही चौघं बसलो होतो. एक तास, दोन तास. सखाराम एकदाच बोलला. "मी सांगितलंलंय साहेब."

तीन वाजून गेल्यावर नर्स बाहेर आली. घामाने चिंब. "मुलगी आहे. निळी पडली होती हो, एकदम निळी. श्वासच नव्हता. आम्ही आशा सोडली होती." आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं. "आणि मग आपोआप रंग बदलला," नर्स म्हणाली.

सखाराम बाकावरून उतरून जमिनीवर बसला आणि रडायला लागला. सरही रडले. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

संध्याकाळी आम्ही तिघं बशी धुवायला लॅबवर परतलो. सरांनी खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. अकरा दाण्यांभोवती निळा रंग तसाच गडद होता. बाराव्या दाण्याभोवती रुपयाएवढं स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ पडलं होतं.

"सर," कुसुम हळूच म्हणाली, "थुंकी?"

सरांनी आयोडीन पुन्हा ओतलं. वर्तुळ स्वच्छच राहिलं. तिथे स्टार्च उरलाच नव्हता. त्यांनी बारावा दाणा चिमट्यात धरून भिंगाखाली नेला. बराच वेळ बघितला, मग भिंग माझ्याकडे सरकवलं. काप सरळ होता. अंकुर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सखाराम रजेवर होता. सर नेहमीसारखे दहाला आले, कोट टांगला, सातूची पिशवी उचलली. कपाटाच्या खोलीच्या दारात थांबले. आम्ही दोघं बघत होतो, त्यांनाही ते ठाऊक होतं.

मग ते खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.