साचाखात्याबाहेरचे भाऊ

माझे सासरे भाऊ माणसाचं तोंड नंतर बघत, आधी त्याचं कापड चाचपत. सुजाताला मागणी घालायला मी परळच्या त्यांच्या चाळीत गेलो, तेव्हा माझ्या शर्टाची बाही अंगठ्याखाली चोळून ते म्हणाले, "सूत बरं आहे. माणसाचं बघू."

माझे वडील त्यांच्याच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत, हे मी कौतुकाने सांगून बसलो. साचाखात्यात मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून बौद्धांना त्या खात्यात घेत नसत. कायदा बदलला होता, मुकादम बदलला नव्हता. भाऊंनी वीस वर्षं सूत काढलं आणि सात वेळा अर्ज केला. हे त्यांनी मला पानात भात वाढता वाढता ऐकवलं. "तुमचे वडील चांगले होते हो," ते म्हणाले. "कधी शिवी दिली नाही. नुसतं दार लावून घेतलं."

लग्नानंतरही त्यांनी मला सोडलं नाही. भरल्या पाहुण्यांत स्वतःचा अर्धा प्यालेला कप पुढे करत, "जावईबापू, चालेल ना?" मी पीत असे. सगळे हसत. भाऊ हसत नसत, मी गिळतो की नाही ते बघत.

ऐंशी उलटल्यावर ते आमच्याकडे ॲरिझोनाला आले. आम्ही त्यांना नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखातलं एक जुनं दुकान दाखवायला नेलं. तिथल्या बायका हाताने विणलेल्या घोंगड्या तिथं आणून द्यायच्या आणि पीठ, साखर, कॉफी घेऊन जायच्या. छातीपर्यंत येणारं लाकडी काउंटर बघून भाऊ म्हणाले, "पलीकडच्याला विणणारीचे हात दिसू नयेत, म्हणून एवढं उंच."

आतल्या खोलीत एक म्हातारी उभ्या मागावर विणत होती. भाऊ तासभर हात मागे बांधून उभे राहिले. तिने खुणेने बोलावलं.

"माझा हात चालेल का, विचारा," ते मला म्हणाले.

ती हसली. लोकरीचं टोक तिने ओठांत ओलं केलं आणि त्यांच्या हाती दिलं. भाऊंनी मागावरच्या धाग्याचं टोक जिभेला लावलं, दोन्ही टोकं तळहातावर वळून जोडली आणि एक ओळ विणली. सुजाता फोटो काढायची विसरली.

कॉफी पिऊन निरोप घ्यायला परतलो, तर म्हातारी तीच ओळ उसवत होती. सुजाता गाडीकडे गेली होती, भाऊ दारातच थांबले. मी पुढे होऊन इंग्रजीत विचारलं.

"घट्ट ओढली गेली होती, कड आत गेली असती," ती सहज म्हणाली. "माझ्या मुलीची पण काढते मी."

गाडीत मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "छान सांगता," ते म्हणाले. "घराण्यातच आहे."

परळला परतल्यावर चार महिन्यांत ते गेले.

सुजाता अजून मधूनच विचारते, "ती खरंच तसं म्हणाली होती ना रे?" मी हो म्हणतो. ती मान हलवते आणि दुसरंच काहीतरी बोलू लागते.