हिरवी चिठ्ठी

कुवेतच्या वाळवंटातल्या अमेरिकी तळावर आम्ही बंदुका बांधतो. म्हणजे वापरून झिजलेल्या बंदुका खोलायच्या, चांगले भाग निवडायचे, नवी नळी बसवायची आणि बंदूक पुन्हा उभी करायची. गावी मी 'वर्कशॉपला आहे' एवढंच सांगितलंय. आठवीत शाळा सोडलेल्या मला ही नोकरी मिळाली ती चाचांमुळे. चाचा रत्नागिरीकडचे, तळावरचे जुने माणूस. त्यांनी शब्द टाकला नसता तर मी अजून कुवेतमधल्याच जहरा शहरात कुणाच्या तरी दुकानात गोण्या उचलत असतो.

शेवटची तपासणी चाचांच्या टेबलावर व्हायची. बोटाएवढं पोलादी गेज, म्हणजे मापाचा तुकडा, नळीच्या मागच्या तोंडात घालायचं नि नळी मागून बंद करणारा बोल्ट सारायचा. बंद झाला नाही तर बंदूक पास. झाला तर आतून झिजलेली. अशी बंदूक झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. चाचा तपासायचे, मी चिठ्ठी बांधायचो. पासला हिरवी, तिच्यावर फक्त नंबर. बादला लाल, आणि तिच्यावर काय बिघडलंय ते इंग्रजीत तीन ओळी. त्या ओळी मला यायच्या नाहीत. चाचा हळूच एकेक अक्षर सांगायचे. "लिहा, कलेक्टरसाहेब," म्हणायचे, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

त्या दुपारी "ही बाद रे" म्हणून चाचा नमाजला गेले. शेजारच्या टेबलावर नाशिकचे इंजिनिअर होते. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण मला इंग्रजी लिहिता येत नाही हे त्यांना कळलं असतं. बिनचिठ्ठीची बंदूक पाहून कुणी विचारील, या भीतीने मी तिला हिरवी बांधली. चाचा आले की बदलू. ते यायच्या आत तिच्यासकट गाडी भरून गेली. आल्यावर तरी सांगायचं! तेही नाही सांगितलं.

दोन दिवसांनी बंदूक परत आली. जिथे गेली तिथे झाडण्याआधी कुणी तरी पुन्हा तपासली, म्हणून निभावलं. आमच्या वर्कशॉपच्या अमेरिकी सार्जंटबाईंनी ती टेबलावर ठेवली नि विचारलं, "ही कुणी पास केली?"

चिठ्ठीवरचे आकडे माझ्या हातचे. चाचांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"माझं टेबल आहे, मॅडम. चूक माझी."

बाई चिठ्ठीवरचा नंबर वहीत उतरवू लागल्या. मला तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी माझे बूट बघत राहिलो.

चाचांना बाहेर उन्हात खोके धुवायला लावलं. टेबल मला दिलं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. "चाचा, उद्या मी सांगतो त्यांना."

"कसं सांगशील? इंग्रजीत सांगायला लागेल!" ते हसले. मग म्हणाले, "मला ठेवून घेतील रे, जुना आहे. तुला विमानात बसवतील. पण एक सांग. त्या बंदुकीला गाल लावून कुणाचा तरी मुलगा पडला असता. तेव्हा तो आला होता का तुझ्या मनात?"

"हो, चाचा."

खोटं होतं. बंदुकीच्या मागचा मनात आला नव्हता नि पुढचाही नाही. चाचांनी मान हलवली आणि ते आमची वस्ती, एगैला, येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी सार्जंटबाईंना काही सांगितलं नाही. चाचांनी चार महिने खोके धुतले, मग ते कायमचे गावी गेले. मी त्याच टेबलावर आहे.