आमचे एकटे खासदार

"चला, चालत बोलू," हे दादांचं ठरलेलं वाक्य. कोणी विहिरीची तक्रार घेऊन आला की ते चपला अडकवून विहिरीकडे निघालेच. तक्रारवाला मागून धापा टाकत.

डहाणूत ते आमच्या चिकूच्या वाडीमागे राहायचे. ते निवडून आले आणि मी, माझ्या जुन्या जीपसकट, आपण होऊन त्यांचा ड्रायव्हर झालो. घरी मी स्वतःला 'सल्लागार' म्हणवून घेई. बायको म्हणे, "सल्लागार, येताना कोथिंबीर आणा."

त्यांच्या छोट्या पक्षाचे दिल्लीत तेवढे एकच खासदार.

"पक्षाची बैठक झाली का, दादा?" मी फोनवर विचारी.

"झाली की. मी चहा प्यायलो, ठराव एकमताने पास!"

टीव्हीवर लोकसभा दाखवत तेव्हा ते खांबाआड बसलेले असत, म्हणजे दिसायचा फक्त उजवा कान. आमच्या घरी त्या कानाला टाळ्या पडत.

पहिल्यांदा ते दोन मोठ्या पक्षांच्या भांडणात निवडून आले. दुसऱ्यांदा तसं होणार नव्हतं. एका मोठ्या पक्षाचा पुढारी डहाणूच्या सभेत येऊन त्यांचा हात उंचावणार होता. तो पाठिंबा मिळाला तर दिल्ली, नाही तर घर.

सभेच्या दिवशी दुपारी आम्ही सायवन गावात होतो. भातकापणी उरकली होती, अंगणात भोपळ्याची लांब पुंगी, म्हणजे तारपा, वाजू लागला. "दोनच मिनिटं, वाडीवाले," असं मला म्हणत दादा नाचाच्या कड्यात शिरले. मी कपाळावर हात मारला. वाजत्या तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा तिथला रिवाज. आणि तारपेवाला म्हातारा आपल्या खासदाराला बघून असा खुलला, की थांबायचं नावच घेईना.

फोन वाजू लागले. दादा फिरत समोर आले की मी ओरडायचो.

"दादा, पुढारी स्टेजवर चढले!"

"मग बसू दे की त्यांना." गेले पलीकडे.

पुढच्या फेरीला मी रडकुंडीला आलो. "दादा, खासदारकी जातेय!"

त्यांचे पाय थांबले नाहीत. "जाऊ दे. या म्हाताऱ्याने मला पोरवयापासून नाचवलंय. त्याला पाठ कशी दाखवू?"

डहाणूला पोचलो तेव्हा मांडववाला खुर्च्या टेम्पोत भरत होता. पुढाऱ्याने दुसऱ्याच कुणाचा हात उंचावला होता. उन्हाळ्यात निवडणूक झाली, दादा पडले.

आता दादा नाहीत. निवडणुका आल्या की उमेदवार सायवनला येतात, कड्यात शिरतात, फोटो झाला की मध्येच निघतात. त्यांचा हात सुटला की शेजारच्या दोघी एकमेकींच्या कमरेला हात घालतात, कडं जुळतं. मागे गाडीचं दार धाडकन लागतं. कोणी वळून बघत नाही.