मध्ये उभी राहणारी गोळी

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर ते माझ्या शेजारी बसून कुडपणच्या गाडीची वाट बघत होते. साठीचे शेतकरी. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, आणि ती ते उजव्या हाताने शांतपणे दाबून धरत होते.

"कोयता लागला," ते म्हणाले. "रक्त थांबत नाय लवकर. हृदयात स्टेंट हाय, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय."

स्टेंट मलाही तीन महिन्यांपूर्वी बसला होता. दाढी करताना जरा खरचटलं तरी रक्त वाहायचं. त्या धास्तीने त्या सकाळची गोळी मी मुद्दाम खिशातच ठेवली होती. घरी बोललो नव्हतो. त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी चिंधी घट्ट केली. "नवा बैल गोठ्यात बांधला की जुनी गुरं शिंगं मारतात. डॉक्टर म्हणले, रक्तातल्या राखणदार पेशी त्या स्टेंटवर तशाच धावून जातात अन् तिथं गुठळी धरते. ओळख होईस्तोवर आपण गुरांच्या मध्ये उभं राहतो का नाय? ही गोळी तशी मध्ये उभी हाय, दादा. तिला हलवू नका."

मग त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. गाडी लागली तेव्हा बाटली परत घेताना पाणी किती कमी झालंय ते नीट पाहिलं, आणि मगच चढले.

नाव विचारायचं राहिलं. पण रोज सकाळी गोळी गिळताना छातीत कुणीतरी हात पसरून उभं आहे असं वाटतं, आणि त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली असते.