फिन्चे ओमाची उशी

टोमोहोन शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरात, जिथे लवंगा रस्त्यावरच वाळत घालतात, त्या गावात फिन्चे ओमाला सगळे वचकून असत. ओमा म्हणजे आजी. चर्चच्या मंडळीतल्या वीस घरांच्या गटाची ती बारा वर्षं वडील, म्हणजे पुढारी, होती. रविवारी नवी निवडणूक होती. चिठ्ठीवर नाव लिहायचं, पेटीत टाकायचं. पुन्हा आपणच यावं असं ओमाला मनातून फार वाटत होतं. आपल्यासाठी नव्हे हो, देवाच्या कामासाठी!

समोर होता वेलम. आवाज खणखणीत, पण कॉफीचा पहिला कप त्यालाच लागायचा. म्हणून बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला ओमाने मुद्दाम विषय घेतला, येशूने शिष्यांचे पाय धुतले तो.

बुधवारी खुर्च्या कमी पडल्या. दरवेळी त्या या घरातून त्या घरात उचलून न्यायच्या, त्यात तीन मोडल्या होत्या. सात महिन्यांची गरोदर सेल्वी भिंतीला टेकून उभी राहिली. ओमा टेबलापाशी उभी राहून बोलत होती.

"चांगला पुढारी कसा ओळखावा? दुसऱ्याला बसवून जो स्वतः उभा राहतो, तो!" म्हणत तिने वेलमकडे रोखून पाहिलं. "वेलम, ऊठ. पोरीला जागा दे."

वेलम उठला, पण म्हणाला, "उठतो की. पण ओमा, तुमची खुर्ची तर रिकामीच आहे."

खरंच होती. पहिल्या रांगेत, मधोमध, झालरीच्या लाल उशीसकट.

"मग बस ना गं सेल्वी तिथे. तुला कोणी अडवलंय?"

"नको ओमा," सेल्वी म्हणाली. "गेल्या वर्षी माझ्या पोरीने तिथे बूड टेकलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं बघितलंत. ती अजून त्या खुर्चीला वळसा घालून जाते."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. वेलमला तर ठसका लागला.

ओमाला ते बघणं आठवलं. चांगलंच आठवलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने भाषणासाठी सात मुद्दे काढले होते, तिसऱ्यावरच वही मिटली. सेल्वीला दंडाला धरून त्या खुर्चीत बसवलं, उशी तिच्या पाठीशी सारली आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"माझं नाव कोणी लिहू नका," ती तिथूनच म्हणाली. "देवाने मला आज सुट्टी दिलीय. आणि वेलम, फार खूश होऊ नकोस!"

तळलेली केळी आणि मिरचीचा ठेचा खाऊन झाल्यावर खुर्च्या पुढच्या घरी न्यायच्या होत्या. कित्येक वर्षांनी ओमाने दोन उचलल्या. वेलम चार घेऊन धापा टाकत मागे.

"ओमा, मग मत मला ना?"

"आधी हा चढ तर चढ."

रविवारी ओमाने चिठ्ठीवर सेल्वीचं नाव लिहिलं. जी माझ्या तोंडावर खरं बोलली, ती वेलमच्याही तोंडावर बोलेल, एवढाच तिचा हिशोब. आणखी अकरा घरांना तेच सुचलं होतं.

सेल्वी निवडून आली, तशी ओमा तिच्याकडेच राहिलेली उशी परत मागायला गेली.

"राहू दे की ओमा, पाठीला बरं वाटतं."

"बाळ होईपर्यंत ठेव. मग दे. मला ठाऊक आहे ती किती मऊ आहे."

परत आलेल्या त्या उशीवर आता ओमाची मांजर झोपते. तिला मात्र कोणी उठवू शकत नाही.