केंडाला तांबं चालत नाही

आमच्या गावी, खाली कोकणात, केंड म्हणजे तो फुगणारा मासा मुद्दाम कुणी धरत नाही. जाळ्यात आला तर जाळं फाडतो, त्यामुळे शिव्या खातो, आणि विषारी म्हणून बाजारात त्याला कुणी विचारत नाही. माझे वडील त्याला पायाने होडीबाहेर ढकलायचे. त्याच जातकुळीतला एक मासा मी पिंपरीच्या दुकानातून विकत आणला आणि संत तुकाराम नगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्यात ठेवला. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसू देत. माझा पगार, माझा मासा.

दिसायला तो अजिबात देखणा नाही. मातकट अंग, कुत्र्यासारखं पुढे आलेलं तोंड आणि डोळे असे, की आपण खोलीत शिरलो की काचेशी येऊन आपल्याला आपादमस्तक न्याहाळणार. दुकानात सगळे लोक निळ्या-पिवळ्या माशांपुढे उभे होते आणि हा एकटा कोपऱ्यात माझ्याकडे बघत होता. मी तेव्हाच ठरवलं.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाहेरून आलेला माल आमच्याकडे सरळ लाइनवर जात नाही. आधी लाल टॅग लावून होल्डवर ठेवायचा, तपासायचा, मगच पुढे सोडायचा. "चालतंय मॅडम, सोडून द्या" हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकते की ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं. तर घरीही तोच नियम. हॉलमधल्या मोठ्या टाकीत माझे दोन जुने मासे होते. नवा आला तो आधी मागच्या खोलीतल्या टबात, एकटा, काही आठवडे. टबाला मी कंपनीसारखा लाल टॅगसुद्धा लावला, 'होल्ड, हात लावू नये'. नवऱ्याने तो वाचून मला कोपरापासून नमस्कार केला.

टॅग लावला ते बरंच झालं, कारण थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले. ते मीठ नसतं, जंतू असतात. कातडीत शिरून बसतात आणि माशाला आतून खातात. तो टबाच्या कडेला अंग घासायला लागला. मी दुकानदाराला फोन केला.

"कॉपर मारा मॅडम. तांब्याचं औषध. सगळे तेच मारतात."

"याला खवले नाहीत. तांबं याला सोसत नाही."

"एखाद्याला नाही सोसत. जातो एखादा. त्याला काय करणार?"

जातो एखादा! मालाच्या पेटीतला एखादा तुकडा वाकडा निघावा तसं बोलला तो. मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे एकच आहे, आणि तो जाणार नाही." तो हसला. मी फोन ठेवला आणि हट्टाला पेटले.

औषधाशिवायचा एक रस्ता आहे, फक्त त्यात कष्ट फार. ते जंतू आयुष्यभर माशाला चिकटून राहत नाहीत. पोट भरलं की गळून तळाशी पडतात, तिथे कवच करून बसतात, आणि काही दिवसांनी त्यातून पिल्लं निघून पुन्हा माशावर चढतात. ती निघायच्या आत मासा उचलून कोऱ्या पाण्याच्या दुसऱ्या टबात ठेवायचा. गळलेले जंतू मागे राहतात, तो टब घासून कडक उन्हात वाळवायचा. दर तिसऱ्या दिवशी हेच, शेवटचा ठिपका जाईपर्यंत. माशाला काही पाजायचं नाही, काही टोचायचं नाही. त्याला फक्त पळवत राहायचं.

ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड, आणि मासा हलवायचा तिसऱ्या दिवशी. दोन्हींचा मेळ कधी बसायचा नाही. मी सगळ्या बादल्या भरून ठेवायचे, फिल्टरमधून थेंबथेंब पाणी काढायचे, त्यात समुद्राचं मीठ विरघळवून रात्रभर हवेचा पंप लावून मुरवायचे. केंडाला जाळीने धरता येत नाही. तो घाबरून फुगतो, पाण्याबाहेर फुगला तर पोटात हवा भरते आणि जिवावर बेततं. म्हणून पाण्याखाली श्रीखंडाचा मोठा डबा धरून तो आपणहून आत येईपर्यंत उकिडवं बसायचं. नवरा विचारायचा, "साहेबांची आज बदली आहे का?" मी म्हणायचे, "आहे. बादल्या उचल." उचलायचा बिचारा.

सासूबाई तेव्हा गुडघ्यांच्या उपचारासाठी देहूहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मागची खोली त्यांचीच, त्यामुळे दिवसभर टबाशेजारी त्याच असायच्या. पहिल्या दिवशी "ह्ये काय ध्यान आणलंस?" म्हणाल्या, आणि आठवड्यात त्याला फुग्या म्हणून हाका मारायला लागल्या. माझं टब बदलणं मात्र त्यांना पसंत नव्हतं. "आजारी जीवाला सारखं उठवायचं व्हय गं?" मी समजावून सांगायचे. त्या मान हलवायच्या, आणि ती पटल्याची नसायची.

ठिपके कमी होत आले होते. त्या दिवशी मी पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आले तर केंड तळाशी आडवा. कल्ले भराभर हलत होते आणि रंग काळवंडला होता. मी वाकून बघितलं. त्याच्या तोंडापुढे टबाच्या तळाला एक जुना तांब्याचा पैसा पडला होता, घासून लख्ख केलेला.

"आई, हा पैसा कुणी टाकला?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "सकाळीच. इंद्रायणीत टाकतोच की आमी. तांब्यानं पाणी चांगलं व्हतं."

"पाटी लावली होती ना, हात लावू नये म्हणून."

"हात कुटं लावलाय? वरनं सोडलाय."

माझ्या अंगाची लाही झाली. मी त्यांच्यावर आवाज चढवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोवर कधी चढवला नव्हता. तांबं याला विष आहे, दुकानदाराशी भांडून मी जे टाळलं तेच तुम्ही केलंत, असं सगळं बोलले. त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत.

"मग काय करायचं? तू जातीस कामाला. त्यो दिसभर माज्यापुढं तडफडतुया. औषध न्हाई, पाणी न्हाई, नुसतं हिकडून तिकडं. मला बघवंना. म्हनून टाकला."

राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. माझ्याइतकाच त्यांनाही तो जगायला हवा होता.

केंडाला त्या पाण्यातून लगेच काढायला हवं होतं. दुसरा टब गच्चीत वाळत होता, पाण्याचा दिवस उद्या होता आणि बादल्या रिकाम्या होत्या. मी स्पीकर चालू करून दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "आता तांबं गेलंच आहे ना पोटात, मग पुरा डोस मारा. जगला तर जगला. नाहीतर पुढच्या लॉटमध्ये तसाच दुसरा देतो, बदलून." नवरा सेकंड शिफ्टला निघत होता, तोही दारातून म्हणाला, "अगं, देतोय ना बदलून. किती जीव काढशील?"

"बदलून द्यायला त्यो काय चप्पल हाय?" हे मी नाही, सासूबाई म्हणाल्या.

आणि त्या उठल्या. डॉक्टरांनी जिने चढू-उतरू नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातली कळशी घेतली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत मजल्यामजल्यावर बेल दाबत गेल्या. त्यांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता. "फिल्टरचं पाणी हाय का वो? आमच्या घरात एक जण आजारी हाय." मी गच्चीतून टब आणला. नवऱ्याने बूट काढले, कंपनीत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि आईच्या हातातली कळशी घेऊन वरखाली करायला लागला. मुरवायला वेळ नव्हता. मी हातानेच मीठ ढवळलं, खारटपणा मोजला, पुन्हा ढवळलं आणि डबा पाण्याखाली धरला. या खेपेला तो आपणहून आला नाही. मला त्याला तळहाताने डब्यात ढकलावं लागलं. तो फुगला नाही, इतका गळून गेला होता. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

संध्याकाळपर्यंत कल्ले सावकाश हलायला लागले. पण केंड खाईना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. तोंडाशी धरलेलं खाणं तो बघायचा आणि तोंड फिरवायचा. खाल्लं नाही तर जंतू जाऊनही काय उपयोग होता?

इथे आमच्या घरातला एक पेच सांगायला हवा. सासर माळकरी आहे. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि माशाचा वाससुद्धा त्यांना सहन होत नाही. केंडाला मात्र कोळंबीच लागते. ती मी बाल्कनीत वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवायचे, पहाटे शिफ्टला जाण्याआधी भरवायचे आणि खिडक्या उघड्या टाकून जायचे. त्या फ्रीजकडे त्या कधी बघतही नसत. कंपनीत ऑडिट चालू होतं, मला सुट्टी मिळत नव्हती आणि दिवसभर त्याच्यापुढे बसून आर्जवं करायला सासूबाईंशिवाय घरात कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी मी घरी आले तर मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि कोळंबीचा वास येत होता. मी दार ढकललं. सासूबाई टबाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. नाकाला पदर बांधला होता आणि हातात चिमटा होता. चिमट्यात कोळंबीचा तुकडा. "घे रं फुग्या, घे. लई झाला रुसवा." नवरा माझ्या मागून आत डोकावला आणि जागच्या जागी थांबला.

"आई, अगं, तू माळकरी ना?"

त्यांनी मान वळवली नाही. चिमटा पाण्यात तसाच धरून म्हणाल्या, "माळ माज्या गळ्यात हाय. त्याच्या गळ्यात कुटं हाय?"

केंड तळावरून उठला, चिमट्यापाशी आला, त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तुकडा ओढून घेतला.